राजाची उडी

नलिनीला बुद्धिबळाचं वेड मुळीच नव्हतं. तिला नागपूरला जायचं होतं. तिथे आई पाय मोडून अंथरुणाला खिळली होती, आणि इथे भोपाळात, तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये, सासरे नरहर. नवरा गेल्यापासून घरात ही दोघंच. तिने रजेचं नाव काढलं की बाबांची छाती दुखू लागे. पण जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ऑफिसच्या कामाला नाही म्हणता येईना. आणि ऑफिसचा बुद्धिबळ संघ नागपूरला निघाला होता. त्यात बाईमाणसाची एकच जागा, तिच्यासाठी दोघी: नलिनी आणि गौरी मॅडम.

"शिकवतो की," बाबा म्हणाले.

ऑफिसातून दमून येऊन ती कुकर लावायची नि पटापुढे बसायची. चाली पाठ झाल्या, अर्थ काही लागेना.

"पण समोरच्याला मधली घरं फुकट का द्यायची, बाबा?"

"घेऊ दे त्याला. पसरू दे. पसरलेलं सांभाळताना त्याच्या नाकी नऊ येतात. मग आपण प्याद्याचा एकच धक्का द्यायचा. त्याआधी राजा तेवढा प्याद्याआड दडव. त्याला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी असते."

आत्ता कुठे नलिनीला उमजलं. हे देणं म्हणजे हार नव्हती, दबा धरणं होतं. आपण आजवर नुसतंच देत आलो, दबा धरायचा राहूनच गेला, असं तिला वाटलं आणि वाईटही वाटलं.

निवडीच्या डावात गौरी मॅडमनी मधली घरं भराभर बळकावली. बळकावू देत. नलिनीने बाजूचं एक प्यादं सरकवून जागा केली, राजा उचलला आणि उडी मारून तिथे ठेवला.

"मैडम, ये कौन-सी चाल है?"

पंच आले. असली उडी घरच्या खेळात, स्पर्धेत नाही. "राजा छुआ है, तो राजा ही चलेगा." राजाला जायला एकच घर होतं, तेही पुढे, उघड्यावर. त्यानंतर डाव तो काय राहिला!

सोंगट्या आवरताना पंच म्हणाले, "आप नरहरजी की बहू हैं ना? वो तो बरसों हमारे साथ टूर्नामेंट खेले हैं. उन्होंने बताया नहीं?"

जवाहर चौकात तिने सवयीने मेथी घेतली आणि पाय ओढत घरी आली.

"काय झालं गं?" बाबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"स्पर्धेत उडी नसते, हे तुम्हाला माहीत होतं."

पेपर हळूहळू खाली आला. "तू गेलीस की परत यायची नाहीस," ते म्हणाले.

रागवायलाही अंगात त्राण लागतं. तिला त्यांची कीव आली, आणि त्या कीवेचाच वीट आला. तिने इंदूरच्या दिराला फोन लावला.

"भाऊजी, उद्या येऊन बाबांना घेऊन जा. मी नागपूरला निघालेय."

"अहो वहिनी, असं अचानक? परत कधी येणार?"

नलिनीने फोन बाबांच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा त्यांना," ती म्हणाली, "तुम्हाला माझ्याआधी कळलंय."