पुठ्ठ्याखालचं नाव

त्या घरात माणसं तीन आणि त्यांतले दोन डॉक्टर. पण शिंक आली की औषध विचारायचं ते तिसऱ्या माणसाला, म्हणजे विधवा आत्याला. कारण बाबा रसायनशास्त्राचे डॉक्टर, विभागप्रमुख होऊन निवृत्त झालेले. लेकीनेही त्याच विषयात डॉक्टरेट घेतली आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी प्रयोगशाळा सोडून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळली.

"जिवंत विज्ञान सोडून मढी उकरायला निघाली," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तरी विभागाचा इतिहास लिहायचं काम तिला त्यांनीच मिळवून दिलं. त्यांच्या सत्काराला ते पुस्तक निघायचं होतं.

कोणता क्षार किती तापमानाला किती विरघळतो, हे सांगणारं बाबांचं कोष्टक पाठ्यपुस्तकांत छापलेलं असे. त्याची मूळ वही तिने विभागाच्या कपाटातून घरी आणली, आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. प्रत्येक इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ होती. असे सात एकच बाई काढायची: स्वयंपाकघरातल्या डब्यांवर भरल्याची तारीख घालणारी आत्या. तिथली मुंगीसुद्धा तारीख वाचूनच डब्यात शिरत असावी.

वहीचा पुठ्ठा हाताला दुपदरी लागला. लेकीने त्याला किटलीची वाफ दिली. बाबांच्या नावाचा कागद अलगद सुटला. खाली आत्याचं नाव, माहेरचं.

"पद्धतच होती ती," बाबा म्हणाले. "मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या वहीवर दुसऱ्याचं नाव चढायचं. त्यात चोरी कसली?"

"दोन वर्षांत आत्या परत आली. तेव्हा का नाही काढलं?"

"विधवा बाई पुन्हा प्रयोगशाळेत? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आणि तिने तरी कुठे मागितलं?"

"तिला स्वयंपाकघर न मागता मिळालं, बाबा." ती दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होती. "पुस्तकात आत्याचं नाव येईल. नाहीतर मी लिहीत नाही."

"नव्या विषयातलं तुझं पहिलं काम आहे. हे सोडलंस तर तुला दारात कोण उभं करणार?"

तिच्या येरझारा थांबल्या नाहीत.

हात पुसत आत्या बाहेर आली. तिने वही घेतली आणि न शोधता एक पान उघडलं.

"हा शेवटचा आकडा चुकलाय. पारा अजून चढत होता, मी घाईने वाचला."

बाबा चपापले. "अगं, तो सगळीकडे छापलाय."

"बघते ना. चाळीस वर्षं माझी चूक तुझ्या नावावर खपतेय, दादा. शरमेने जीव अर्धा होतो माझा." ती लेकीकडे वळली. "लिहिशील तेव्हा तीही माझ्याच नावावर घाल. नुसतं चांगलं तेवढं नको."

लेक खाली बसली, दिवसभरात पहिल्यांदाच. तिने कोरा कागद ओढला आणि पहिल्या ओळीत आत्याचं नाव लिहिलं. सुटलेला कागद अजून बाबांच्या हातात होता, ओला, आणि तो ठेवावा कुठे हे त्यांना समजेना.

वाचकहो, उठून एकदा आपल्या घरातल्या डब्यांवरचं अक्षर बघून या.