कापलेली चार मिनिटं

बाबा गेल्याची बातमी तन्मयनं तिसऱ्या दिवशी आपल्या चॅनेलवर टाकली आणि पहिल्या तासाभरात तिच्यावर चार हजार लोक हसले.

आकडा मी मोजला नाही, तोच सांगत होता. वाडी भागातल्या आमच्या घरात, डोक्याचा गोटा केलेला माझा धाकटा भाऊ भिंतीला टेकून बसायचा आणि कमेंट वाचून दाखवायचा. 'आ वखते तो हद करी नाखी', म्हणजे या वेळी तर हद्दच केली. 'काका, उठा आता, चहा झाला.' 'व्ह्यूजसाठी टक्कल! मानलं भाऊ.' प्रत्येकाला तो उत्तर लिहायचा, की हे खरं आहे, शपथ घेऊन सांगतो. त्या शपथेखाली लोक आणखी हसायचे. तो जेवत नव्हता, झोपतही नव्हता. बोलता बोलता त्याचा अंगठा आपोआप पडद्यावर सरकायचा.

पाच वर्षं तो बाबांच्या खोड्या काढून त्यांचे व्हिडिओ टाकत होता. बाबा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली आणि तन्मयची नोकरी सुटली. पहिला व्हिडिओ चहात मीठ घालण्याचा होता. मग मिठानं भागेना. घरात चोर शिरला, तन्मयला पोलिसांनी धरलं, असं काय काय त्यानं बाबांना सांगितलं. बाबा घाबरायचे आणि शेवटी हसायचे. ते हसणं बघायला दोन लाख लोक यायचे. भाजीवाली त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायची आणि बाबांना ते आवडायचं, हेही खरं. पण गेल्या दिवाळीत मी घरी असताना नळपट्टीचा माणूस दारात आला, तर त्याच्याशी बोलण्याआधी बाबांनी कपाटाच्या वर पाहिलं. मोबाइल कुठे लपवलाय ते शोधत होते. मी ते पाहिलं, आणि सुट्टी संपल्यावर पुण्याला परत गेले.

नवव्या दिवशी बाबांचा फोन वाजला. तो कुलूपबंद होता, त्यातले नंबर आम्हाला काढता आले नव्हते. दामोदरकाकांचा फोन होता. काका आणि बाबा एकाच पाळीला काम करायचे. दोन वर्षांपूर्वी काका आणंदला मुलाकडे राहायला गेले होते.

"शुं बाळू, मेलास म्हणे," ते म्हणाले. "नातवानं दाखवलं. टकल्या मस्त दिसतो हं तुझा."

मी म्हटलं, काका, मी अवंती, बाबा खरंच गेले. ते हसले. तुलाही ओढलं का यात, पुण्याहून शूटिंगला बोलावलं का, म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी तन्मयला फोन द्यायला सांगितलं.

"काका, देवाशपथ," तन्मय म्हणाला.

"मागच्या वेळीही देवाशपथच म्हणाला होतास, बेट्या. बाळूला सांग, रविवारी फोन करतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

तन्मयनं फोन बाबांच्या उशीशेजारी ठेवला. मग म्हणाला, आता टाकावाच लागेल. म्हणजे स्मशानातला व्हिडिओ. त्याच्या मित्रानं, निहारनं, लोकांच्या मागे उभं राहून काढलेला. चाळीस सेकंदांचा, त्यात बाबांचा चेहरा स्पष्ट दिसतो. तेराव्याला तो टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"टाकायचा नाही," मी म्हटलं.

"माझा बाप मेलाय ताई, आणि कुणी मानत नाही."

मी म्हटलं, बाबांचा चेहरा हा काही पुरावा नाही आणि त्या लोकांना आपण पुरावा देणंही लागत नाही. तो म्हणाला, तुला बोलायला सोपं आहे, तू नोकरीच्या गावी निघून गेलीस, बाबांबरोबर रोज मी होतो. मग मोबाइलमध्ये काहीतरी शोधून त्यानं माझ्यासमोर धरलं. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ होता. एका मित्रानं अनोळखी नंबरवरून बाबांना फोन करून सांगितलं होतं, की तुमच्या मुलीला पुण्याजवळ हायवेवर अपघात झालाय. बाबा एकाच पायात चप्पल घालून दाराकडे धावतात, तन्मय पडद्याआडून बाहेर येतो, बाबा त्याला उशीनं बडवतात आणि खो खो हसतात. अकरा लाख लोकांनी तो पाहिला होता. त्याखाली माझं नाव होतं. हसणारे तीन चेहरे आणि 'बाबा म्हणजे बाबाच'.

"तूही हसलीस," तन्मय म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आता न कापलेला दाखव."

त्यात काही नाही, असं तो दोनदा म्हणाला. मग दाखवायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. सगळे मूळ व्हिडिओ त्याच्या लॅपटॉपवर होते. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही शेजारी शेजारी बसून पाहिला.

तन्मय पडद्याआडून बाहेर येतो तिथपर्यंत सगळं तेच होतं. मग बाबा हसत नाहीत. ते चपलांच्या स्टँडशेजारी खाली बसतात आणि तोंड हातांत झाकून घेतात. चार मिनिटं ते तसेच बसून आहेत. मोबाइल कपाटावर असल्यानं त्यांचं टक्कल आणि खांदे तेवढे दिसतात. मग ते पाणी मागतात. तन्मयचा आवाज येतो, बाबा, आता थोडं हसा ना, असा शेवट ठेवता येत नाही. कसं हसू, बाबा विचारतात. मला उशीनं मारा, म्हणजे येईल हसू. बाबा मारतात. जोरात मारा. तिसऱ्या वेळी हसू नीट जमतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. त्यानंतर बाबा उशी जागेवर ठेवतात, तिचा अभ्रा सरळ करतात आणि विचारतात, "अवंती खरंच बरी आहे ना? एकदा फोन लावून दे."

तो फोन मला आठवतो. जेवलीस का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी वर्गात शिकवत होते, नंतर करते म्हणाले. केला की नाही, ते आठवत नाही. चार दिवसांनी हसणारे चेहरे मात्र पाठवले.

तन्मयनं लॅपटॉप मिटला. म्हणाला, मला वाटायचं ते नंतर विसरतात. मी त्याला काही सुनावलं नाही. सुनावण्याच्या जागी मी उरले नव्हते.

"उद्या सकाळी आणंदला जायचं," मी म्हटलं. "व्हिडिओ दाखवायचा नाही. काकांना तू तुझ्या तोंडानं सांगायचं."

"नाही मानलं तर?"

"मानेपर्यंत उभं राहायचं."

सकाळी त्याच्याच बाइकवर निघालो. नंदेसरीजवळ रसायनांचा वास आला तेव्हा त्यानं वेग वाढवला, तोवर मला वाटत होतं की हा मागे वळेल. आणंदला काकांच्या मुलाचं घर एका सोसायटीत होतं. बेल वाजवल्यावर काका स्वतःच आले आणि तन्मयचं डोकं बघून हसायला लागले. आत या, नीराला चहा टाकायला सांगतो, बाळू कुठे लपलाय, म्हणून ते आमच्यामागे बघायला लागले.

तन्मय जागचा हलला नाही. "आत नाही येत काका," तो म्हणाला. "सुतक आहे. मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सव्वासातला गेले बाबा. मी चहा गाळत होतो. छातीत दुखतंय म्हणाले. मला वाटलं, आज ते माझी खोडी काढतायत. मी हसलो. मग रिक्षा बोलावली."

हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पण त्यांची नजर तन्मयच्या उंबऱ्याबाहेर थांबलेल्या पायांकडे गेली. त्यांनी दाराची चौकट धरली. त्यांची सून नीरावहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं. मग चपला न घालता बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

"सोड हे, असं मी त्याला किती वेळा म्हटलं," ते म्हणाले. "तो म्हणायचा, त्या निमित्तानं पोरगं दिवसातून दोन तास माझ्याशी बोलतं."

तन्मय तिथेच खाली बसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तो उठून जावा असंही केलं नाही. तेराव्याला सकाळच्या गाडीनं येतो, एवढं म्हणाले.

सोसायटीच्या फाटकाबाहेर येऊन तन्मयनं मोबाइल काढला आणि माझ्यासमोर स्मशानातला व्हिडिओ पुसला. निहारलाही फोन करून त्याच्याकडचा पुसायला लावला. बाबांचे बाकीचे दोनशेबारा व्हिडिओ चॅनेलवर होते.

"एकेक करून काढावे लागतील," तो म्हणाला. "आणि काढण्याआधी मला ते न कापलेले बघायचेत. वेळ लागेल."

मी तिथूनच कॉलेजला फोन लावला आणि महिन्याची रजा मागितली.