साहेबांचं जाकीट

शिंपी किती लवकर चिडतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मास्तरच्या दुकानात एक दुपार बसून दाखवावं. कात्री कुणी हलवली, टेप कुणी भलतीकडे टाकली, रेडिओ कुणी मोठा केला, की चढलाच मास्तरचा पारा. एकटा जीव सदाशिव. पुढे दुकान, मागे एक खोली. आणि अशा माणसाच्या गळ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा काकाकुवा पडला.

ताई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर झोपवलं तरी बाईचं एकच चाललेलं, "माझ्या साहेबाला बघ रे. त्याला एकटा ठेवू नकोस." साहेब म्हणजे तो काकाकुवा. कोंबडीएवढा पांढराशुभ्र पक्षी, डोक्यावर पिवळा तुरा, आणि चाल अशी, की जणू कचेरीत तपासणीला आलाय. गेली वीस वर्षं तो ताईच्या खांद्यावरच राहत होता म्हणा ना.

"अगं, काळजी कसली करतेस! मी आहे ना," मास्तर म्हणाला. बोलायला काय जातं!

पहिल्याच आठवड्यात वकीलबाई कोटाच्या ट्रायलला आल्या. मास्तर तोंडात टाचण्या धरून बाही बेतत होता, एवढ्यात मागच्या खोलीतून साहेबांनी अशी किंकाळी फोडली की बाई जागच्या जागी उडाल्या आणि मास्तरच्या हातातली टाचणी त्यांच्या दंडात गेली.

"आत कुणाचा गळा दाबताय काय हो?"

मास्तर लाजेने अर्धा झाला. ताई दिसेना म्हणून तो पक्षी दिवसभर तिला हाका मारत होता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाइकाला ते सांगणार कोण? त्याच संध्याकाळी त्याने पिंजऱ्याचं माप घेतलं. कोटाचं उरलेलं जाड कापड, आतून काळं दुहेरी अस्तर, बाजूला चेन, आणि वारा खेळायला खालून चार बोटं जागा. दुसऱ्या कुणी जुनी चादर टाकली असती, तर तिच्या भोकांतून उजेड तरी गेला असता. पण मास्तरचं काम चोख! टाका इकडचा तिकडे नाही. चेन ओढली की आत काळोख, आणि रात्र झाली असं समजून साहेब चिडीचूप.

आधी ट्रायलपुरतं, तासभर. मग दुपारभर. मग दुकान उघडलं की चेन बंद आणि दुकान बंद केलं की चेन उघडी. दृष्टीआड सृष्टी.

ताई फोन करायची. "त्याच्या कानाला लाव ना फोन. बोलते जरा."

"झोपलाय गं."

"भर दुपारी?"

"वय झालं आता त्याचं."

आणि याला खोटं तरी कसं म्हणावं? झोपवलंच होतं की त्याने!

दोन महिन्यांनी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसायला लागली. आधी चार-दोन, मग मूठभर. साहेब स्वतःच्या छातीची पिसं स्वतःच उपटत होते. छाती उघडी पडली, गुलाबी, सुरकुतलेली. टॅक्सी करून मास्तर पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाला. त्यांनी तपासलं. ऊ नाही, पिसवा नाही, काही नाही.

"एकटे पडले की असं करतात हे," त्या म्हणाल्या. "दिवसा उजेड मिळतो ना? कुणी बोलतं ना त्याच्याशी?"

"हो तर! दिवसभर."

खाई त्याला खवखवे. घरी येताच त्याने ते पांघरूण कपाटात कोंबलं. दोन दिवस साहेब उजेडात बसले आणि दोन दिवस बोंबलले. तिसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकं पाठ फिरवून गेली, आणि पांघरूण कपाटातून बाहेर आलं. अरे, निदान त्या डॉक्टरीणबाईंची तरी लाज धरायचीस! पण नाही. त्याऐवजी मास्तरने काय केलं, तर साहेबांना जाकीट शिवलं. मऊ सुती कापडाचं, पंखांना मोकळीक देणारं, पाठीवर दोन बंद. पिसं उपटायची सोय राहिली नाही आणि उघडी छातीही झाकली गेली. दुसरं कारणच मोठं होतं, हे तो कुणाला सांगणार होता?

चार महिन्यांनी ताई काठी टेकत दुकानात आली. तो सुट्टीचा वार, त्यामुळे पांघरूण कपाटात होतं. ती मागच्या खोलीत पिंजऱ्याजवळ बसली, मास्तरने दार उघडलं. तिला बघताच साहेबांचा तुरा उभा राहिला. ते पिंजऱ्यातून निघून तिच्या मांडीवर चढले आणि तिच्या हनुवटीखाली डोकं खुपसून बसले. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आणि हे काय रे? जाकीट?"

"पिसं... जरा गळतायत. म्हणून."

"बघ तरी! जन्मात कुणी पाखराला जाकीट शिवलं असेल का? मी मुलीला सांगितलंच होतं, माझा भाऊ तोंडाने तिखट, पण जिवाला जीव देईल." तिने त्याचा हात ओढून आपल्या गालाला लावला.

मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर तो हसत झेलून गेला असता.

"ऐक," ती म्हणाली. "मला आता एकटीला राहता यायचं नाही. लेकीकडे चाललेय, कायमची. तिच्या पोरीला दमा आहे, आणि याच्या पिसांतून सारखी पांढरी पूड झडते. याला तिकडे नेता येणार नाही. कुठे ठेवू म्हणून रात्र-रात्र झोप नव्हती मला. पण हे जाकीट पाहिलं आणि निश्चिंत झाले. आता हा तुझा."

एवढं झाल्यावर मूग गिळून बसला असता, तर पुढची वीस-तीस वर्षं (काकाकुवा माणसाइतका जगतो) तो पक्षी त्या काळोखात आणि ताई या खोट्या समाधानात राहिली असती. मास्तरला तेवढं कळलं. तो उठला आणि त्याने कपाटातून पांघरूण काढून तिच्यासमोर धरलं.

ताईने काही विचारायच्या आतच साहेबांचा तुरा खाली बसला. ते तिच्या मांडीवरून उतरले, मुकाट्याने पिंजऱ्यात गेले आणि मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले. रात्र करून घ्यायला.

ताईने ते पाहिलं. अस्तरावरून बोटं फिरवली, एक पदर, दुसरा पदर.

"रोज?"

"सुट्टीचा वार सोडून. दुकान उघडं असेपर्यंत." त्याने मान खाली घातली. "पिसं गळाली नाहीत, ताई. त्याने उपटली. माझ्यामुळे. डॉक्टरलाही मी खोटं सांगितलं."

तिने पांघरुणाची नीट घडी केली आणि ते आपल्या पिशवीत टाकलं.

"चिडलीस ना गं?"

"चिडलेय. फार चिडलेय. पण चिडून याला नेऊ कुठे, ते सांग."

मास्तरने जमिनीवर पडलेलं एक पीस उचललं.

"पिंजरा पुढे घे. मशीनजवळ. ओरडला तर ओ दे. गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत." तिने डोळे पुसले. "आणि ते जाकीट काढ आधी. बघू दे मला."

मास्तरने पिंजऱ्यात हात घातला. वाटलं, आता चोच मारणार, बोट तुटणार. तुटू दे. पण साहेब हळूच त्याच्या मनगटावर चढले, त्याच्या अंगठ्याशी आले आणि मान खाजवून घ्यायला त्यांनी डोकं खाली वाकवलं.

"घाबरू नकोस, चावत नाही तो," ताई म्हणाली.

"चावू दे गं त्याला एकदा," मास्तर म्हणाला, आणि एका हाताने साहेबांची मान खाजवत दुसऱ्या हाताने जाकिटाचे बंद सोडायला लागला.