बारीक ताप

“लाल गोळी राणीसाहेब, दारी कुणा सांगू नको;
मागून येती पांढऱ्या दोघी, तोंड वाकडं करू नको;
सहा पुनवा सरल्या की, पुन्हा औषध मागू नको.”

आईचा हा आवाज वीस वर्षं तिच्या कानात होता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. बारीक ताप म्हणायचे, की विषय संपला. लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं नाही, माहेरच्यांनी सांगितलं नाही.

नवरा वर्षापूर्वी परदेशी नोकरीला गेला. त्याच्याकडे राहायला जायचं तर दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा, आणि व्हिसाआधी तपासणी: रक्त, लघवी, छातीचा फोटो. तपासणी केंद्राच्या बाकावर धाकटी नणंद तिचा अर्ज भरत होती.

“क्षयरोग,” नणंदेने वाचलं. “तुम्हाला कसला क्षय, वहिनी? तुमच्याखाली वजनकाटा ओरडतो.” आणि हसत ‘नाही’वर खूण केली.

वहिनीही हसली. सही करून मोकळी झाली.

फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. पडद्यावर छाती उजळली होती. उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात, पांढुरके ठिपके. चष्म्याच्या कारखान्यात ती दहा वर्षं काचा उजेडासमोर धरून बघत आली होती. वरवरचा ओरखडा कुठला आणि आत गेलेला चरा कुठला, हे तिला सांगावं लागत नसे. हा आतला होता.

“जुना व्रण आहे. अर्जात तर ‘नाही’ लिहिलंय. लहानपणी काही झालं होतं?”

“बारीक ताप,” सवयीने तिच्या तोंडून गेलं.

“म्हणजे काय?”

“ताप कुणाला येत नाही, डॉक्टर?” नणंद मध्येच म्हणाली.

तिने नणंदेच्या हातातलं पेन घेतलं. ‘नाही’वरची खूण खोडली, ‘होय’वर केली, शेजारी पुन्हा सही केली. “टीबी होता. कागद मात्र एकही नाही.”

“औषध पूर्ण घेतलं होतं का, ते कळायला हवं.”

तिने आईच्याच चालीवर तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. नणंद आ वासून बघत राहिली.

“लाल गोळीने लघवी रंगायची?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“शेंदरी व्हायची. आई म्हणायची, राणीसाहेबांची पालखी गेली.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “सहा पुनवा, म्हणजे सहा महिने. एखादा दिवस चुकला?”

“गिळल्यावर आई माझं तोंड उघडून बघायची.”

“तसं लिहिते. आता तीन दिवस लागोपाठ सकाळी उपाशीपोटी या, थुंकीचे नमुने द्या. जंतू वाढतात का हे कळायला दोन महिने लागतील. स्वच्छ निघालं तर वाट मोकळी. आत्ताच दुरुस्त केलंत, बरं केलंत. लपवलेलं पुढे सापडलं असतं, तर व्हिसाच नाकारला असता.”

बाहेर जिन्यापाशी नणंदेने तिला थांबवलं. “दोन महिने! दादा तिकडे खोली घेऊन बसलाय. त्याला म्हणू या, व्हिसा ऑफिसवाले वेळ लावताहेत. आमच्या आईच्या कानावर गेलं ना, तर जन्मभर ऐकवेल. व्हिसा आला की कोण विचारतंय?”

“नमुन्यांसाठी तिन्ही सकाळी तुला उठवणार नाही. एकटी येईन,” ती म्हणाली. “पण फोन मीच करणार.”

पलीकडे यंत्राची घरघर होती. नवऱ्याची जेवणाची सुट्टी चालू होती.

“झालं का सगळं? कधी येतेस?”

“दोन महिने लागतील, अहो.”

“का गं? काय निघालं?”

नणंद डोळ्यांनी नको नको म्हणत होती. तिने तिच्याकडे पाठ केली.

“नवं काही नाही. नऊ वर्षांची असताना मला टीबी झाला होता. औषध पूर्ण घेतलं, बरी झाले. लग्नाआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ते माझं चुकलं.”