सतरा नंबरचं कुटुंब

पुलासाठी वस्ती उठायची होती आणि तिथल्या प्रत्येक कुटुंबाला शहराच्या दुसऱ्या टोकाला एकेक खोली मिळायची होती. खोली कुणाकुणाला, याची यादी नाक्यावरच्या फळ्यावर लागली. इस्त्रीवाल्या मावशींची लेक सासरहून मुद्दाम ती वाचायला आली आणि परत येऊन दारातच उभी राहिली.

"आई, तुझं लग्न झालंय."

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. "कुणाशी?"

"पाचमिनिटेंशी. घर नंबर सतरा. कुटुंबप्रमुख ते, तू सदस्य."

पाचमिनिटे हे आडनाव नव्हे. शेजारचे घड्याळवाले गेली पंचवीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला "पाच मिनिटांत देतो" सांगून दोन दोन दिवस बसवून ठेवत, म्हणून वस्तीनं त्यांना हे बहाल केलं होतं. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, स्वभाव गरीब, कामात चोख आणि वेळेच्या बाबतीत पार कामातून गेलेले.

लेकीला हसू आवरत नव्हतं, मावशी मात्र हिशेब मांडत होत्या. एक कुटुंब म्हणजे एक खोली, आणि ती प्रमुखाच्या नावावर. म्हणजे तीस वर्षं याच चार भिंतींत उभं राहून लोकांच्या बाह्या सरळ करणाऱ्या बाईच्या हाती काय, तर परक्या माणसाच्या खोलीतला कोपरा.

हे घडलं कसं, ते दोघी शेजारी जाऊन विचारून आल्या. आकाशातून उडत्या कॅमेऱ्यानं छपरं मोजली होती. मागच्या वादळात दोघांचेही पत्रे उचकटले होते. पाचमिनिटेंकडे लांबरुंद ताडपत्री होती, मावशींकडे दोऱ्या होत्या. दोघांनी मिळून एकच ताडपत्री दोन्ही घरांवर ओढली होती. वरून बघणाऱ्याला ते एकच घर. मग टॅब घेतलेली मुलगी खालून पडताळणी करायला आली, तेव्हा मावशी कपडे पोचवायला गेलेल्या.

"दाराला कुलूप दिसलं की घर रिकामं म्हणून लिहितात, असं ऐकलं होतं," पाचमिनिटे चष्मा पुसत म्हणाले. "म्हणून माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीनं कुलूप काढून मी तुमच्या दारात उभा राहिलो. तिनं विचारलं, इथे कोण राहतं? मी म्हटलं, बाई राहतात, मी आहे ना."

"मी आहे ना!" मावशी म्हणाल्या. "हे वाक्य तुम्हाला नेमकं तेव्हाच वेळेवर सुचलं?"

हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. बाराव्या दिवशी सुनावणी लागली. कार्यालयात खुर्च्या कमी, पंखे त्याहून कमी. टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या. थकलेल्या दिसत होत्या, पण उर्मट नव्हत्या. मावशींनी एवढं पहिल्या नजरेत टिपलं. माणसाची कॉलर बघून घरची परिस्थिती सांगणाऱ्या बाईला चेहरा वाचणं काय अवघड?

"वेगळं राहता याचा कागद?"

मावशींनी पिशवी रिकामी केली. प्रत्येक कागदावर पत्ता एकच, 'गोदामामागे'. सगळ्या वस्तीचा तोच होता.

"शेजारी सांगतील," पाचमिनिटे म्हणाले.

"शेजारी सगळ्यांसाठीच सांगतात, काका." अधिकारी बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "आणि हा पडताळणीतला फोटो बघा. बाईंच्या खोलीतला. दोरीवर पुरुषाचे शर्ट आहेत."

पाचमिनिटे लाजून भिंतीकडे बघू लागले. मावशी मात्र फोटोकडे वाकल्या आणि त्यांच्या छातीवरचं ओझंच उतरलं.

"मॅडम, नीट मोजा. चाळीस शर्ट आहेत. एवढ्या सगळ्यांशी संसार करायला मला वेळ कुठाय?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"ती कॉलर जरा मोठी करून दाखवा. आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे तीन टाके दिसतायत? ते पिठाच्या गिरणीवाल्याचं घर. शेजारी हिरवी फुली आहे, ते दायीबाईंचं. घराघरांचे कपडे मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. एका घरात भाऊ भाऊ वेगळे झाले की मी खुणाही वेगळ्या करते. वाटणी आधी मला कळते, मग नातेवाइकांना." मावशी पाचमिनिटेंकडे वळल्या. "कॉलर उलटा."

"इथे?"

"नाहीतर काय, पाच मिनिटांनी?"

त्यांनी मान खाली घालून कॉलर उलटली. आत निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते.

"आता माझी बाही बघा. काही नाही. घरच्या माणसाच्या कपड्याला कोण खूण घालतं, मॅडम? जे कपडे दुसऱ्याच्या घरी परत जायचे, त्यांनाच खूण लागते."

अधिकारी बाई खुर्चीतून उठून आल्या. त्यांनी स्वतः ते टाके बोटानं चाचपले. टाके जुने होते, धुऊन धुऊन विटलेले. सुनावणीसाठी काल रात्री घातलेले नव्हते हे कुणालाही कळलं असतं. मग त्या जागेवर बसल्या आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता थांबल्या.

"तुमच्या गल्लीत अशा खुणा किती?"

मावशींनी डोळे मिटले, ओठ हलवले. "त्रेसष्ट."

"माझ्या यादीत एकोणपन्नास घरं आहेत."

"आणि त्रेसष्ट म्हणजे जे मला कपडे देतात तेवढेच. घरी धुणारे निराळे."

अधिकारी बाईंनी नवा कागद ओढला, वस्तीची मोजणी पुन्हा पायी, दारोदार करण्याचा आदेश लिहिला, आणि ती होईपर्यंत एकही घर पाडायचं नाही असं खाली वेगळ्या ओळीत घातलं. मग मावशींच्या हातात एक पावती दिली. सतरा-ब. कुटुंबप्रमुख : स्वतः.

बाहेर पायरीवर मावशी मटकन बसल्या. पाचमिनिटे पाणी घेऊन आले, तेही लगेच.

"माझ्यामुळे तुम्हाला..." त्यांनी सुरुवात केली.

"कुलूप दिसलं असतं तर मला काहीच मिळालं नसतं. तुमच्यामुळे निदान सदस्य तरी होते," मावशी म्हणाल्या आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "पण पुन्हा माझ्या दारात उभे राहिलात, तर आधी मला विचारा."

बातमी त्यांच्या आधी वस्तीत पोचली होती. दारासमोर पंधरा-वीस जण कॉलरी उलटून उभे. माझी खूण कोणती, आईची वेगळी ना, काका वेगळे राहतात हे तुम्हाला माहीत आहे ना. मावशींनी एकेकाला खूण दाखवली. शेवटी कोपऱ्यावरचा टायरवाला पुढे आला. त्यानं उभ्या जन्मात कपड्याला इस्त्री केली नव्हती. हातात कोरा शर्ट.

"मावशी, एक खूण घाला ना. कुठलाही रंग चालेल."

"खोटी खूण घालणार नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"अरे, तुला खूण कशाला? आता ते चालत येणार आहेत. तू दार उघडून बायको-पोरांसकट उभा राहा. तुझं घर त्यांना दिसेल."

तो हसत गेला. मावशींनी इस्त्रीची वायर काढली, कपड्यांचे गठ्ठे भिंतीला सरकवून जागा केली आणि भर दुपारी, बारा दिवसांत पहिल्यांदा, ताणून दिली.