महाराजांचा डावा हात

मी महाराजांच्या खाटेपुढे उकिडवा बसलो आणि विचारलं, "महाराज, शकू बोडीकडं गेली काय?"

"हो," वामनराव महाराज म्हणाले.

झालं. मी उठलो, काठी घेतली.

अकरा वाजून गेले होते. मोहाची फुलं वेचायला पहाटे गेलेली बाई नवाच्या आत टोपली घेऊन घरी येते. माझी बायको शकुबाई आली नव्हती. आणि दोनच दिवसांपूर्वी वनरक्षक बिरजूनं भोंग्यावरून साऱ्या गावाला बजावलं होतं, की पिल्लांची वाघीण या अंगाला आली आहे, एकट्यादुकट्यानं जंगलात जाऊ नका. भोंगा वाजत होता तेव्हा शकू अंगणात टोपलीला शेण सारवत होती. तिनं मान वरसुद्धा केली नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती कोणाला न सांगता गेली. म्हणजे एक माणूस सोडून. महाराजांच्या घरापुढची छपरी जंगलाच्या वाटेवर आहे. शेजारच्या अंजनाबाईनं पहाटेच्या अंधारात शकूला तिथं थांबलेली पाहिलं होतं. महाराजांशी चार गोष्टी बोलून मग ती पुढे गेली.

गावातल्या बायांची ही नवी रीतच पडली होती. दिवाळीनंतर महाराजांना लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. साऱ्या शब्दांतला एक "हो" तेवढा तोंडात राहिला. तेव्हापासून जाता-येता बाया त्यांच्याजवळ थांबत आणि मनातलं सांगून मोकळ्या होत. सासूचं, सुनेचं, नवऱ्याचं. देवापुढे बोलावं तसं. देवही कोणाला सांगत नाही, महाराजही सांगणार नाहीत.

बत्तीस वर्षं मी या माणसाच्या मागं उभा राहून मृदंग वाजवला. मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेच्या वाळूवर त्यांचं कीर्तन उभं राहिलं की पाळण्यातलं लेकरूसुद्धा रडायचं थांबे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वरंगात ते बुद्धीला हात घालत, उत्तररंगात काळजाला. त्या तोंडातून कधी खोटा शब्द आला नाही. त्या तोंडानं "हो" म्हटलं, मग आणखी काय पाहायचं?

"मुखरू आबाजी, थांबा!" आतून पुनम धावत आली. ही महाराजांची नात. नागपूरला भाषाशास्त्र शिकते, सुट्टीवर आली होती. "त्याईच्या 'हो'वर जाऊ नका. त्याईचं हो म्हंजे हो नसते."

"माळकरी मानूस हाये तो, पोरी."

"माळेचा काय संबंध? काल मी चहा पायजे काय इचारलं, हो म्हनले. नोको काय इचारलं, तरी हो म्हनले. आन् कप हातानं दूर लोटला. आतमंदी सारं शाबूत हाये. भायेर येयाची वाटच तेवढी बुजली."

या विषयावर आमचं आठ दिवसांपासून वाजलेलंच होतं. ती म्हणे, भाषा मुळात विचार करण्यासाठी आहे, माणूस आधी स्वतःशी बोलतो. तोंडानं बोलणं हे नंतरचं, भरलेल्या हंड्यातून सांडतं तसं. मी म्हणे, "अवो बाई, आयकनारा नसला तं कीर्तन कायचं? रिकाम्या मंडपात मृदंग वाजवून पाहा एकडाव." मग ती हसे, मी चिडे, आणि महाराज दोघांकडे बघत "हो, हो" म्हणत.

पण आज हसायची वेळ नव्हती. "माझी बायको जंगलात हाये आन् तू मले पुस्तक शिकवून राह्यली?" मी ओरडलो आणि निघालो. खरं सांगतो, मी खाटेपुढे बसलो होतो तेव्हा महाराजांनी डाव्या हातानं माझा खांदा धरून ढकलला होता. मला वाटलं, लवकर जा म्हणतात.

आम्ही बाराजण. काठ्या, कुऱ्हाडी आणि तेलाचे रिकामे डबे. डबे बडवत, हाळ्या देत बोडीकडे, गावाबाहेरच्या लहान तळ्याकडे, निघालो. धानाच्या बांध्या ओलांडल्या, बोडीची पाळ आली. पाळीखाली आमच्या घरचा मोह आहे, माझ्या आईच्या वेळेपासूनचा. शकू दरवर्षी इथंच वेचते.

झाडाखाली पिवळीपांढरी फुलं तशीच अंथरलेली होती. एकही वेचलेलं नव्हतं.

"इथी तं कोनीच नाई आलं, भाऊ," वारलू म्हणाला. तो आमच्यातला सगळ्यात जाणता, जंगलाच्या कामावर जन्म गेलेला. तो वाकून जमीन पाहत होता. "ना बाईचं पाऊल, ना वाघाचं."

मी दोनदा हाक मारली. बोडीपलीकडून माझाच आवाज परत आला. जाण्यायेण्यात तास मोडणार होता, आणि जंगल तीन बाजूंना पसरलेलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात महाराजांविषयी वाईट आलं. मग वाटलं, नाही, यांचं डोकंच गेलं आहे. आता या माणसात महाराज उरलेच नाहीत. देवा, दोघांनाही एकाच दिवशी नेलंस का?

गावात परतलो तो छपरीत पुनम जमिनीवर बसलेली. महाराजांना तिनं खाटेवरून खाली उतरवून भिंतीला टेकवलं होतं. पुढे शेणानं सारवलेल्या भुईवर चुलीतल्या राखेची एक लांब रेघ, तिच्या एका अंगाला पाण्यानं भरलेला लोटा, दुसऱ्या अंगाला दोन पळसाची पानं, एकमेकांना चिकटून ठेवलेली. त्यापुढे एक दगड.

"कोनी बोलू नका," ती म्हणाली. "लोटा म्हंजे बोडी. तो मी ठेवला तं त्याईनं लाथेनं उडवला, म्हंजे तिथी नाई. निशानी म्हनून मी पुन्हा भरून ठेवला. राखेची रेघ त्याईनंच ओढली."

"नाला," वारलू म्हणाला.

"हो," महाराज म्हणाले. या खेपेला कोणी त्या "हो"कडे लक्ष दिलं नाही. आम्ही सारे हात बघत होतो.

"दोन पानं?"

"जोडमोह," मी म्हणालो. "नाल्यापल्याड, दोन झाडं एका बुंध्यातून निंगाले हायेत. कोनाच्या मालकीचे नाई. दूर पडते म्हनून कोनी जात नाई. घरचे फुलं कोनी नेत नाई, म्हनून पयले तिथी गेली असन."

पोरांनी डबे उचलले. "चला, चला!"

"थांबा!" पुनम ओरडली. "त्याईचं अजून झालं नाई."

महाराजांनी डाव्या हातानं कोपऱ्यातली एक लहान टोपली ओढून घेतली. ती पानांवर ठेवली. आमच्याकडे पाहिलं. मग टोपली उलटी करून आपटली. रिकामी. पुन्हा सुलटी केली, आणि हात वर उचलला, तळवा पालथा केला, आणि समोर सरकवला. टोपली मात्र पानांवरच राहिली. पुन्हा तेच. टोपली उलटी, हात वर, तळवा पालथा, पुढे. कपाळावर घाम आला होता, ओठ थरथरत होते. आणि तोंडातून नुसतं, "हो. हो. हो."

"हे नाई समजत मले," पुनम म्हणाली आणि रडायला लागली. "टोपली रिकामी हाये, एवढं समजलं. हात काय सांगून राह्यला? फेकून द्या? वापस या? मुखरू आबाजी, मले नाई समजत!"

मला समजलं.

कीर्तन करणाऱ्याचा उजवा हात चिपळ्यांत अडकलेला असतो. मागं उभ्या वाजवणाऱ्यांना काही सांगायचं तर तो बोलून सांगत नाही, कीर्तनाचा धागा तुटतो. डाव्या हातानं सांगतो, तोही पाठीमागं, श्रोत्यांना दिसू नये असा. लय वाढव, थांब, पुन्हा घे. प्रत्येकाची खूण निराळी. आणि वामनराव महाराजांची ही खूण मी हजार वेळा पाहिली होती. एखादा अभंग लोकांत रंगला नाही, की हात वर, तळवा पालथा, पुढे. म्हणजे, हा नाही भरला तर सोड, पुढचा घे.

"इथी टोपली नाई भरली," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "तं पुढच्या झाडाले जाईन. असं सांगून गेली ती. पुढचं झाड म्हंजे दगडापाशी. अस्वलखडकाचा मोह."

महाराजांचा हात खाली आला. त्यांनी डोळे मिटले.

"जर-तर," पुनम पुटपुटली. "एक शब्द नाई तोंडात, आन् आतमंदी जर-तर करून राह्यले."

नाला उतरलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं. जोडमोहाखाली, पडलेली फुलं दिसावीत म्हणून पाला जाळून केलेला काळा गोल होता, ताजा. झाडलेल्या जागेत मूठभर फुलं. माकडांनी वरच्या वर खाल्ली असावीत. शकू तिथं नव्हती. नुसतं "जोडमोह" ऐकून धावलो असतो, तर इथून आम्ही माघारी फिरलो असतो किंवा चारी दिशांना फुटलो असतो.

अस्वलखडकाच्या अलीकडे वारलूनं हात आडवा केला. वाटेच्या धुळीत पंजा होता, माझ्या तळहाताएवढा. शेजारी दोन लहान. डबे बडवायला सुरुवात केली. मी नाव घेत होतो, देवाचं की बायकोचं, आता आठवत नाही. झुडपात काहीतरी जड हललं, पाला चुरचुरला, आणि तो आवाज खडकामागं उताराला लागला. आम्ही एकमेकांना पाठ लावून उभे. बऱ्याच वेळानं वारलू म्हणाला, "गेली. पिल्लं घेऊन गेली."

मोहाच्या दुबेळक्यात, दोन पुरुष उंचीवर, लुगड्याचा हिरवा रंग दिसला.

"शकू!"

उत्तर नाही. पण हिरवा रंग हलला. वारलूचा पोरगा निकेश वर चढला, तिची बोटं फांदीवरून एकेक करून सोडवली आणि तिला खाली आणलं. गुडघे सोललेले, ओठ कोरडे. पाणी पाजलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं बोलली ते हे, "टोपली कुठी हाये माही?"

मला रडू आलं आणि रागही आला. "आमी एवढे बोंबलून राह्यलो. आवाज काऊन नाई देल्ला?"

"कोनाले देऊ? खाली बसली होती ना ते. आयकनारी तेच होती."

पोरं हसली. भीती उतरली की माणूस असाच हसतो.

"मंग इतका टाइम काय केलं वर?" निकेशनं विचारलं.

"मनात बोलत होती. ह्या तुह्या मुखरू आबाले शिव्या देत होती. आवाज न करता."

संध्याकाळी छपरीत हे मी पुनमला सांगितलं, तेव्हा तिचे डोळे चमकले. "पाहा! चार घंटे बोलली, आयकाले कोनी नाई. मी काय म्हनत होती?"

"शिव्या मले देल्ल्या ना?" मी म्हणालो. "मंग आयकनारा मीच होतो."

हरलं कोण, कोण जाणे. शकू महाराजांच्या खाटेजवळ बसून त्यांना सारं पहिल्यापासून सांगत होती: धूळ, पंजा, पिल्लं. आणि महाराज "हो, हो" करत होते.

ती उठली तेव्हा मी त्यांचे पाय धरले. मला सांगायचं होतं, की तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तुमच्यावर ठेवला नाही. बोडीवर उभा राहून तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं. पण हे बोलता येईना. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या बोलण्याला साथ केली, स्वतःचं बोलायची सवय कुठं?

"महाराज, माहं चुकलं," एवढंच निघालं.

"हो," ते म्हणाले.

मी मान वर करून तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं. डावा हात वर उचलला होता. तळवा पालथा झाला, आणि पुढे सरकला.

मी उठून खुंटीवरचा मृदंग काढला.