मी कान्हूची होडी, पण बाजू पुतळीची

मी होडी बोलतेय. पेणच्या खाडीत असतात तशीच, आंब्याच्या फळ्यांची, नवरा-बायको आणि त्यांचं जाळं मावेल एवढी. पण पोलिसांच्या कागदात माझं नाव मुद्देमाल. देशाविरुद्धच्या कटात वापरलेली होडी! माणसं आणि मासळी सोडून मी कधी काही वाहिलं नाही आणि माझ्या कपाळी हे आलं. ज्यानं आणलं त्याचं वाटोळं व्हावं, एवढंच मागत मी जगले. आजही तेच मागते.

मला बांधलं कान्हूनं. मिठागरातलं काम उरकून आला की तो माझं काम घेऊन बसायचा. फळी तासायचा, हात फिरवायचा, पुन्हा तासायचा. पुतळी लग्न होऊन आली ती माझ्यातच बसून. पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. "तुमी बसा. मना येतं," म्हणाली. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई ऐकणारी नाही.

गावात हितेश होता. त्याचे पंप खाडीच्या तळातली रेती ओढायचे. तळ गेला की बांध खचतो, आणि बांध खचला की खारं पाणी भातात शिरतं. त्या वर्षी शिरलंच. कान्हू तहसीलदारांकडे गेला आणि हितेशचा रेती वाहायचा बार्ज जप्त झाला.

हितेश धक्क्यावर आला. हसत होता.

"कान्हू, माजा बार्ज गेला. आता तुजी होडी जाईल बग."

समुद्राच्या वाटेनं अतिरेकी येऊन गेले, तेव्हापासून आमच्याकडे किनाऱ्यावर नजर ठेवायला गावची समिती आहे. अनोळखी बोट दिसली, अनोळखी माणूस दिसला की पोलिसांना कळवायचं. काम चांगलं होतं. पण समितीचा प्रमुख झाला होता हितेश.

एका दुपारी कान्हू मिठागरात असताना हितेशचा पंपवाला सुजय माझ्यात उतरला. तळाची फळी उचलून त्यानं प्लॅस्टिकात गुंडाळलेलं पुडकं खाली सरकवलं आणि निघून गेला. हितेशनं कळवलं आणि पाठोपाठ पोलिसांचं पथक आलं. पुडक्यात जिलेटिनच्या कांड्या निघाल्या, खाणीत दगड फोडायला वापरतात त्या. पंचनाम्याला पंच हवा होता. हितेशनं सुजयला पुढे केलं. ज्या हातानं ठेवलं त्याच हातानं त्यानं सही केली. मला दात असते तर तो हात मी तिथंच तोडला असता.

कान्हूला नेलं. मला ट्रकवर घालून पोलिसांच्या आवारात उपडी टाकलं. होडीला पाणी नसेल तर तिचं लाकूड आक्रसतं. उन्हात माझ्या फळ्या एकेक करून फाटल्या. पुतळी वकीलबाईंना घेऊन यायची, त्यांचं नाव निशिगंधा. दोघी माझ्याशेजारी उभ्या राहून बोलायच्या.

"खुनातल्या मानसाला जामीन भेटतो, मग याला का नाय?"

"हा अतिरेक्यांसाठीचा कायदा आहे, वेगळा, पुतळीताई. पोलिसांचं म्हणणं वरवर खरं दिसलं तरी जामीन अडतो. खोटं आहे हे खटल्यात दाखवायचं, आणि खटला सुरू व्हायला वर्षं जातात."

"म्हंजे हितेसनी एक सबुद बोलायचा आनि आमी वर्सं मोजायची?"

वकीलबाईंनी पुढची तारीख लिहून दिली.

निदान मला तरी सोडवायचं, असं पुतळीनं मनावर घेतलं. कोर्टानं हमी लिहून घेतली आणि मला तिच्या ताब्यात दिलं. तिनं माझ्या फटींत कापूस कोंबला, वर डांबर फासलं. प्रत्येक फट भरताना हितेशचं नाव घ्यायची. ऐकायला बरं वाटायचं.

मग तो दिवस आला. ओहोटी सरून भरती लागत होती. हितेशचा पंप चिखलात रुतला होता आणि तो काढायला उतरलेला सुजय कमरेपर्यंत आत गेला होता. खाडीचा चिखल माणसाला सोडत नाही, आणि पाणी चढत होतं. त्याची हाक ऐकून पुतळीनं माझा दोर सोडला आणि मला तिकडे नेलं. बांधावर तिची जाऊ सरू धावत आली.

पुतळीनं वल्हं पुढे केलं. सुजयचा हात पोचेल न पोचेल, इथं थांबवलं.

"आदी बोल. पुडकं कुनी ठेवलं?"

"वैनी, पानी आलंय गो!"

"दिसतंय मना. कुनी ठेवलं?"

पाणी त्याच्या छातीला लागलं. मी सगळं अंग ताठ करून थांबले होते. खरं सांगते, तो बुडावा असं मला वाटत होतं.

"मी ठेवलं! हितेसनी दिलं, मी ठेवलं!" तो ओरडला. बांधावर सरूचा मोबाइल चालू होता.

मग पुतळीनं वल्हं दिलं. त्याला ओढून माझ्यात घेतलं आणि वर त्याच्या अंगावर थुंकली.

वकीलबाईंनी ते चित्रण पाहून डोक्याला हात लावला. "बुडत्याकडून वदवलेलं कोर्टात टिकणार नाही." पण गावात ते घरोघर फिरलं. हितेश घाबरला आणि पोलिसांना जाऊन म्हणाला, हे सगळं सुजयचंच काम. तेव्हा आपली मान वाचवायला सुजय स्वतःच कोर्टात उभा राहिला. कांड्या कुठल्या खाणीतून आल्या, कुणी आणल्या, सगळं बोलला. त्याला म्हणे माफीचा साक्षीदार केलं. माफी! तो शब्द ऐकून माझं डांबर उकलायचंच बाकी होतं.

कान्हू सुटला. त्याच कायद्याखाली हितेश आत गेला. पुतळीनं गावात पेढे वाटले.

पण कान्हू माझ्याजवळ येईना. लांबून बघायचा आणि वळायचा. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकायचा. हात फिरवून मला घडवणारा माणूस तुरुंगानं मला परत दिलाच नाही. याचा हिशोब कुणाकडे मागू?

आता हितेशचा जामीन अर्ज आहे. खटला अजून सुरूही नाही. काल त्याची बायको शांती रडत आली, जामिनाला आडव्या येऊ नका म्हणाली. पुतळी म्हणाली, "मी कोर्टात जानार. त्याला सोडू नका म्हनून सांगनार. जा तू."

ती गेल्यावर कान्हू बोलला. "खटला चालू दे त्याचा. सजा होऊ दे, मोटी होऊ दे. पन नुसता डांबून ठेवू नये गो. आत काय असतं ते मना ठाव हाय."

"त्यानी तुमाला ठेवला, तवा कुनाला दया आली?"

"कुनालाच नाय. म्हनून तर बोलतो."

आज सकाळी पुतळी एकटीच माझ्यात बसली. पलीकडच्या धक्क्यावरून पेणची एसटी धरायची होती. तेवढ्यात कान्हू बांधावरून उतरला, पाण्यात पाय घातला आणि माझ्या काठाला हात लावला.

"मी पन येतो. तू तुजं सांग, मी माजं सांगतो."

पुतळीनं सरकून जागा दिली.

दोघांना मी पार नेलं. आता धक्क्याला बांधलेली त्यांची वाट बघतेय. कोर्ट कुणाचं ऐकेल, मला माहीत नाही. कान्हूचं म्हणणं कदाचित बरोबर असेल, तो आत राहून आलाय. पण तुम्ही मला समजवायला येऊ नका. धन्यानं घडवलं म्हणून मी त्याला पार नेईन, हवं तितक्या वेळा नेईन. हितेशला मात्र जामीन मिळू नये.